उतरवून घेतलेली क्लॅरिनेट

"थांबली," बन्सी म्हणाला.

प्रेरणा ओले हात ओढणीला पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. लॅपटॉपच्या पडद्यावरची हिरवी पट्टी अर्ध्याच्या थोडी पुढे सरकली होती आणि तिथेच बसकण मारून राहिली होती. खाली लाल अक्षरांत इंग्रजी ओळ उमटली होती.

"काय म्हणतंय ते?"

"डिस्क सापडत नाही म्हणतंय, मामा."

"सापडत नाय कशी? ही काय, हितंच तर हाय." बन्सीने लॅपटॉपशेजारची काळी डबी उचलून पडद्यासमोर धरली. वायरीसकट उचलल्यामुळे लॅपटॉपही टेबलावरून फरफटत आला.

"तिला हलवू नका ना, मामा," सून म्हणाली. "आता पुन्हा पहिल्यापासून लावावं लागेल."

"दृष्ट लागली असंल," आतून आवडाबाईने सांगून टाकलं. बन्सीच्या बायकोचं हे निदान ठरलेलं होतं. मिक्सर जळाला तरी हेच आणि नळाला पाणी आलं नाही तरी हेच.

उतरवून घ्यायची होती ती एक क्लॅरिनेट. कुठल्याशा परदेशी कंपनीने कोणा एका वाजवणाऱ्याला समोर बसवून त्याच्याकडून एकेक सूर दहा तऱ्हांनी फुंकून घेतला होता, हलका, जोरकस, तुटक, लांबवलेला. ते सगळं भांडार इंटरनेटवरून उतरवून घ्यायचं, लॅपटॉपला कीबोर्ड जोडायचा आणि पट्टी दाबायची, की क्लॅरिनेट वाजते. भांडार प्रचंड मोठं. प्रेरणाच्या लॅपटॉपात तिच्या ऑफिसच्या फायली अशा कोंबलेल्या की सुई ठेवायला जागा नाही. म्हणून बन्सीच्या मुलाने, विश्वजीतने, पुण्याहून दसऱ्याच्या सुट्टीत येताना ही बाहेरून जोडायची हार्ड डिस्क आणून दिली होती. पुण्याला परत जाताना त्याने बजावलं होतं, "बाबा, प्रेरणा करील सगळं. तुम्ही हात लावू नका." बन्सीने मान डोलावली होती आणि तो रिक्षात बसायच्या आत हात लावला होता.

बन्सी हा गुलशन ब्रास बँडचा क्लॅरिनेटवाला. होता, असं म्हणायला हवं. क्रांती चौकाजवळच्या एका बोळात बँडचं दुकान होतं. पाटीवर लाल कोटातला एक माणूस काहीतरी फुंकताना रंगवलेला होता, आणि तो कोणासारखाच दिसत नसल्यामुळे बँडमधला प्रत्येकजण तो आपणच असं समजत असे. मालक आणि मास्तर हबीब. ते कॉर्नेट, म्हणजे आखूड तुतारीसारखं पितळी वाद्य, वाजवायचे. कॉर्नेटने तान टाकावी आणि क्लॅरिनेटने ती झेलून पुढे न्यावी, अशी या दोघांची जोडी वैजापूरपासून जालन्यापर्यंत मागितली जायची. लग्नाची तारीख ठरवताना लोक आधी भटजीला विचारायचे की हबीबमास्तरला, याबद्दल बन्सीचं एक मत होतं आणि ते भटजीच्या बाजूने नव्हतं.

मग कीबोर्डवाले आले. एका लग्नात, नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची वरात, मारुतीला निघालेला असताना, टेम्पोवर कीबोर्ड ठेवून एक पोरगा पुढे आला. त्याने एका बोटाने सनई वाजवली, दुसऱ्या बोटाने कॉर्नेट आणि तिसऱ्या बोटाने चक्क क्लॅरिनेट. हबीबमास्तर बघत राहिले. "इसमें आदमी कहाँ है रे?" एवढंच म्हणाले आणि परण्या अर्ध्यावर सोडून बँड घेऊन चालते झाले. त्यांच्या मागोमाग सगळ्यात तरातरा कोण निघालं असेल, तर बन्सी. रस्ताभर तो त्या डबड्याला शिव्या देत होता.

शिव्यांनी काळ थांबत नसतो. कीबोर्डच्या मागून डीजे आले, बँड बंद पडला, वाद्यं मिळेल त्याला गेली. बन्सीने क्लॅरिनेट ठेवून घेतली. भजनी मंडळात तो बाजाची पेटी धरायचा आणि रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन क्लॅरिनेट वाजवायचा. समोरच्या मुकुंदवाडी स्टेशनावर पॅसेंजरची वाट बघणारी माणसं माना वर करून बघायची, तेवढं त्याला पुरत होतं.

मागच्या हिवाळ्यात त्याच्या तोंडावरून वारं गेलं. सकाळी चहा पिताना घोट ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून शर्टावर आला आणि आवडाबाईने हातातली परात खाली टाकली. औषधांनी पुष्कळ फरक पडला. बोलणं सुधारलं, डोळा मिटू लागला. पण क्लॅरिनेटला ओठ चहूबाजूंनी गच्च आवळावे लागतात, आणि बन्सीच्या डाव्या कोपऱ्यातून हवा निसटायची ती निसटायचीच. सुराऐवजी फुस्स. दोन-तीनदा प्रयत्न केल्यावर त्याने पत्ती काढून पुसली, वाद्य पेटीत घातलं आणि पेटी कपाटावर ठेवली. त्यानंतर तो गच्चीवर गेला नाही. आवडाबाई वाळवण घालायला एकटीच जायची.

हे सगळं असंच मिटलं असतं. पण नवरात्राच्या आधी गजाला पत्रिका घेऊन आली. गजाला ही हबीबमास्तरांची मुलगी. आता तिच्या मुलीचं, अदीबाचं लग्न निघालं होतं. मुलगा वैजापूरचा, कांद्याच्या व्यापाऱ्याच्या घरचा. गजालाने आवडाबाईच्या हातात मिठाई ठेवली आणि बन्सीकडे वळून म्हणाली, "बन्सी चाचा, मेरी रुखसती में तुमीच बजाए थे. अदीबा की भी तुमीच बजाना. अब्बा बोले मत पूछ, चाचा की तबियत ठीक नै. पर मैं पूछ री."

"वाजवतो की," बन्सी म्हणाला. "न वाजवून कसं?"

ती गेल्यावर आवडाबाईने नवऱ्याकडे बघितलं. "कशानं वाजवणार?"

बन्सीने कपाटावरच्या पेटीकडे बघितलं. पण नाही म्हणणं त्याला शक्य नव्हतं, आणि त्याचं कारण बँडवाल्यांखेरीज कोणाला कळलं नसतं. त्यांच्यात एक दंडक होता. स्वतःच्या घरची लेक किंवा नात सासरी निघाली, की घरच्या माणसाने वाद्याला हात लावायचा नाही. त्याच्या वतीने जोडीदाराने वाजवायचं. वाजवायची धूनही ठरलेली. हबीबमास्तरांच्या वडिलांनी ती बांधली होती आणि ती फक्त बँडच्या घरांत वाजायची. गिऱ्हाइकाने कितीही मागितली तरी नाही. गजाला निघाली तेव्हा ती बन्सीने वाजवली. बन्सीची सायली निघाली तेव्हा हबीबमास्तरांनी वाजवली, घरी ताप असताना उठून येऊन वाजवली. आता पाळी बन्सीची होती. बँड मोडला म्हणून पाळी मोडत नाही.

कीबोर्डची युक्ती प्रेरणाची. ऑफिसमधल्या कोणाकडून तिने ऐकलं होतं, की हल्ली सिनेमावालेसुद्धा असेच आवाज उतरवून घेतात. पेटी वाजवता येते म्हणजे कीबोर्डही येईल. बन्सीने दोन दिवस तोंड फुगवून घालवले आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "उतरव." लगेच पुढे म्हणाला, "पण मास्तरला कळू द्यायचं नाय."

आणि आता ती उतरेना.

नेटचं कनेक्शन देणारा सत्यम येऊन बघून गेला. "काका, नेट एक नंबर चालू हाय," तो म्हणाला आणि जाताना क्रिकेटचा स्कोअर बघून गेला. प्रेरणाने कंपनीच्या मदतवाल्यांशी लिहून बोलणं केलं. त्यांनी फार अदबीने विचारलं, की आपण डिस्क बंद करून पुन्हा चालू केली का. केली. वायर बदलली का? बदलली. मग ते म्हणाले, वीज वाचवायला लॅपटॉप अधूनमधून डिस्कला झोपवतो, ते बंद करा.

"झोपती?" बन्सी म्हणाला. "काम अर्ध्यावर टाकून? कचेरीतली दिसती."

झोप बंद केली. पट्टी पुन्हा निघाली, या वेळी बरीच पुढे गेली. बन्सी खुर्ची ओढून तिच्याकडे टक लावून बसला. श्वाससुद्धा बेताने घेत होता. आणि बाहेरून जड ट्रक गेला, टेबल किंचित थरथरलं आणि लाल ओळ आली.

दिवाळी आटोपली तरी हेच. लग्न आठवड्यावर आलं. बन्सीचं जेवण कमी झालं. आवडाबाईने एकदा लॅपटॉपवरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. प्रेरणाने ते चालू दिलं, कारण तिच्याकडेही दुसरा उपाय नव्हता. शेवटी ती म्हणाली, "मामा, उजैरभाईकडे दाखवा ना. लॅपटॉपचं सगळं करतात ते."

उजैर म्हणजे हबीबमास्तरांचा पुतण्या. बँडच्या त्याच जागेत त्याचं मोबाइल-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं, आणि हबीबमास्तर दुपारभर तिथे बसायचे. म्हणून बन्सी सकाळी दुकान उघडायच्या वेळीच गेला. लॅपटॉप पिशवीत, डबी खिशात. दुकानात हबीबमास्तर बसलेले होते.

"कौन, बन्सी? आ, बैठ. मुँह कैसा है तेरा?"

"बरं हाय, मास्तर."

"क्या लाया?"

"काय नाय. सुनेची डबी हाय. कचेरीची. मधीच बंद पडती."

उजैरने डबी लॅपटॉपला जोडली. पडद्यावर तिचं नाव उमटलं. प्रेरणाने ती नीट ओळखू यावी म्हणून तिला नाव दिलं होतं, आणि उजैरने ते खणखणीत आवाजात वाचलं. "चाचा, इसका नाम क्लॅरिनेट रखे क्या?"

बन्सीने रस्त्यावरच्या रिक्षांकडे बघितलं.  हबीबमास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि पुन्हा लावला.

उजैरने वायर जराशी हलवली. नाव गेलं. पुन्हा हलवली, नाव आलं. त्याने डबी उचलून वायर खोचायच्या भोकात टॉर्च मारला, डोळ्याला भिंग लावलं. "चाचा, अंदर ये लाल-लाल क्या है?" त्याने सुईने हळूच उकरलं. वाळलेल्या कुंकवाचे खडे कागदावर पडले. त्यामागोमाग हळदीचा कण आला. "पूजा-बिजा किए थे क्या इसकी?"

"खंडेनवमीला," बन्सी पुटपुटला. "ही वल्लं कुंकू लावती सगळ्याला."

आणि हबीबमास्तर हसू लागले. आधी नुसते खांदे हलले, मग खोकला आला, मग त्यांनी काउंटरला धरलं. "अरे उजैर, तेरेकु क्या मालूम. यहीच जगह, यहीच फर्श. नवमी को सफेद चादर डालते थे. सब बाजे लाइन से. मैं गेंदे के फूल लाता, इसकी आवडा पुरनपोळी लाती. एक साल मेरे कॉर्नेट में कुंकू गया. दूसरे दिन वैजापूर में बारात, और खटका जाम. एकीच सुर निकले. बोल बन्सी, क्या किए हम?"

"त्याच सुरावर नेला परण्या मारुतीपत्तोर," बन्सी म्हणाला. त्याचा चेहरा अर्धाच हसायचा, पण हसला. "तुम्ही येकच सूर धरून, अन् मी त्याच्याभवती सगळं गाणं वाजवलं. लोक म्हणले, मास्तरनी आज काय तरी नवीनच काढलं."

"इनाम दिए थे वो लोगां."

"दिलं की."

 बाहेर बोळात कोणीतरी शटर वर ढकललं. चादर अंथरायची ती फरशी आता काउंटरखाली गेली होती, एवढासा एक तुकडा तेवढा दिसत होता.

"तो डब्बी की पूजा किया तू," हबीबमास्तर म्हणाले.

"वाजणारं समदं पूजेत ठेवायचं. तुम्हीच लावलेलं वळण हाय."

"बजती है क्या ये?"

"वाजंल. उतरली तर." बन्सीने मग जे तोंडात इतके दिवस धरलं होतं ते सांगून टाकलं. "मास्तर, माझ्या तोंडात हवा ऱ्हात नाय. लई करून बघितलं. ह्याच्यात आदमी कुठंय म्हणाल, तर हाय म्हणत्यात. कुणीतरी फुंकलंय, कोण ते मला बी म्हाईत नाय. बोटं तेवढी माझी. सायलीच्या वक्ताला तुम्ही तापात उठून आला. आता माझी पाळी हाय. तुम्ही नको म्हणाल तर मी नाय वाजवणार, गजालाला मीच सांगतो. पण पाळी माझी हाय, मास्तर."

हबीबमास्तरांनी त्याच्याकडे न बघता डबी हातात घेतली, उलटसुलट केली, भिंग मागून घेतलं आणि भोकात डोकावले.

"उजैर," ते म्हणाले, "चावल का दाना है अंदर, टूटा हुआ. वो भी निकाल."

त्या संध्याकाळी हिरवी पट्टी न थांबता टोकाला पोचली. ट्रक गेले, प्रेशर कुकरच्या शिट्ट्या झाल्या, काही झालं नाही. मग एक शेवटचा अडथळा आला. उजैरने नवी वायर देऊन ती लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला खोचायला सांगितली होती, आणि जागा बदलल्यावर लॅपटॉपने डबीला ओळखीसाठी दुसरंच अक्षर दिलं. त्यामुळे प्रोग्रॅम उघडला तेव्हा तो म्हणाला, की आवाज कुठे ठेवलेत ते सापडत नाही.

"भाडेकरूनं खोली बदलली, दुसरं काय," बन्सी म्हणाला. एव्हाना त्याला या गोष्टीचा सराव झाला होता. "नवा पत्ता सांग त्याला."

प्रेरणाने पत्ता सांगितला. कीबोर्ड जोडला. बन्सीने हात धुतले, पुसले, आणि मधल्या सप्तकातला सा दाबला.

आवाज आला. गोल, स्वच्छ, सुटाबुटातल्या माणसाचा. बन्सीच्या क्लॅरिनेटला थोडी नाकातली धार होती, ती यात नव्हती. त्याने सा सोडला, रे दाबायला बोट उचललं, आणि मध्येच काहीतरी ऐकू आलं. बारीक, ओढून घेतल्यासारखं.

"हे काय?"

"श्वास आहे, मामा. जो वाजवत होता त्याचा. खरं वाटावं म्हणून ठेवतात. नको असेल तर बंद करता येतो, इथे खूण आहे."

"राहू दे."

त्याने पुन्हा सा दाबला, सोडला, थांबला. श्वास आला. पुन्हा दाबला, सोडला. बराच वेळ तो सूर वाजवतच नव्हता, नुसता सूर संपवत होता. "नाकानं घेत नाय ह्यो," तो शेवटी म्हणाला. "ओठाच्या कोपऱ्यातून घेतो. डाव्या. घाईचा गडी हाय." मग थोड्या वेळाने म्हणाला, "मी बी तसाच घ्यायचो." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. डाव्या डोळ्यात जरा जास्त आलं, पण तो डोळा आजारापासून तसाही गळायचा, म्हणून प्रेरणाने लक्ष न दिल्यासारखं केलं.

मग मात्र त्याने दिवसरात्र एक केली असं नाही, कारण रात्री आवडाबाई वाजवू देत नसे. पण दिवस सगळे कीबोर्डवर गेले. पट्ट्यांवरून मींड निघेना. सूर एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर उड्या मारायचा, आणि ती धून तर सगळी घसरणीची, एका सुरातून दुसऱ्या सुरात डोळे भरल्यासारखं उतरत जायची. कीबोर्डच्या डाव्या कडेला एक छोटं चाक होतं. ते फिरवलं की सूर ताणला जातो हे त्याला सापडलं. मग उजवा हात पट्ट्यांवर आणि डाव्या हाताचा अंगठा चाकावर, असा संसार जमू लागला. सुरुवातीला सूर वाटेतच भलतीकडे भरकटायचा. आवडाबाई स्वयंपाकघरातून काही बोलायची नाही, आणि तिचं न बोलणं बन्सीला फार लागायचं.

लग्नाच्या आदल्या दुपारी ती दारात येऊन उभी राहिली. हाताला पीठ होतं.

"तेवढंच परत वाजवा," ती म्हणाली.

त्याने वाजवलं. ती गेली. बन्सीने त्या दिवशी पोटभर खाल्लं.

लग्न बीड बायपासच्या एका लॉनवर होतं. वैजापूरकरांनी डीजे आणला होता. त्याचे खोके माणसाच्या उंचीचे. त्यांच्याच बाजूला उजैरने एक टेबल लावून दिलं. टेबलावर लॅपटॉप, कीबोर्ड, काळी डबी. बन्सीने पांढरा सदरा घातला होता आणि तो टेबलामागे असा बसला होता, की येणारे-जाणारे त्याला डीजेचा कोणीतरी समजत होते. एकाने त्याला पंख्याचं बटण कुठे आहे ते विचारलं. दुसऱ्याने आपला मोबाइल चार्जिंगला लावायला दिला. प्रेरणा शेजारी खुर्चीवर बसून वायरींवर राखण करत होती. कोणी वायर ओलांडली की तिचा जीव वरखाली व्हायचा.

उन्हं कलली तेव्हा रुखसतीची, पाठवणीची वेळ झाली. बायकांच्या घोळक्यातून अदीबा आली, डोक्यावर कुराण धरलेलं, खाली बघून पावलं टाकत. हबीबमास्तर एका बाजूने, गजाला दुसऱ्या बाजूने. डीजेवाल्याला उजैरने आधीच गप्प केलं होतं. गजालाने मान वर केली आणि टेबलाकडे बघितलं.

बन्सीने बोटं पट्ट्यांवर ठेवली. पहिला सूर निघाला आणि त्याच क्षणी त्याचे गाल भरले. त्याला ते कळलंही नाही. ओठ आवळले गेले, डावा कोपरा तसाच ढिला राहिला, छाती वर आली. हात कीबोर्डवर होते, पण सगळा माणूस क्लॅरिनेट वाजवत होता. दुसऱ्या ओळीच्या शेवटी जिथे तो नेहमी दम घ्यायचा तिथे त्याने बोटं उचलली. खोक्यांमधून त्या परक्या माणसाचा श्वास सगळ्या लॉनवर ऐकू गेला, आणि नेमका त्याच वेळी बन्सीनेही श्वास घेतला. कोणाचा कोणता ते प्रेरणालाही सांगता आलं नसतं. तिसरी ओळ वर चढते. अंगठा चाकावर सरकला, सूर ताणला, थरथरला आणि हळूहळू खाली आला. हबीबमास्तरांनी नातीच्या डोक्यावर ठेवलेला हात तसाच राहिला. त्यांची बोटं तिच्या ओढणीवर, कॉर्नेटच्या खटक्यांवर असावीत तशी, हलत होती.

गाडीच्या दारापाशी गजाला थांबली. ती रडत होती, पण तिने वळून टेबलाकडे बघितलं आणि सलामासाठी हात कपाळाला लावला. मग अदीबा गाडीत बसली, दार लागलं, गाडी फाटकाबाहेर गेली. बन्सीने शेवटचा सूर गाडी दिसेनाशी होईपर्यंत धरून ठेवला. खऱ्या क्लॅरिनेटवर एवढा त्याला कधीच धरता आला नव्हता.

माणसं पांगू लागली. वाढपी खुर्च्या एकावर एक रचू लागले. नवऱ्या मुलाचे काका, वैजापूरचे जाडजूड गृहस्थ, रुमालाने डोळे टिपत टेबलाकडे आले. हबीबमास्तरही त्यांच्या मागून आले होते.

"चाचा, क्या चीज लगाए तुम," काका म्हणाले. "कलेजा निकल गया. पुरानी रिकॉर्डिंग है ना? कौन बजाया है?"

बन्सीने हबीबमास्तरांकडे बघितलं.

"हमारे बँड का आदमी है," हबीबमास्तर म्हणाले. "बन्सी करके. क्लारनेट बजाता था."

"वा. अब तो ऐसे लोगां मिलते नै." काकांनी आदराने मान हलवली. "हैं क्या अभी वो? या गुजर गए?"

प्रेरणा खुर्चीवरून अर्धी उठली. बन्सीने टेबलाखालून तिच्या मनगटावर हात ठेवून तिला बसवलं.

"हाय," तो म्हणाला. "हाय अजून. पण आता क्लारनेट नाय वाजवत."

"अल्लाह सलामत रखे उनको," काका म्हणाले.

"आमीन," बन्सी म्हणाला.

काका गेले. बाकीच्या गाड्या एकामागून एक सुटू लागल्या. बन्सी कीबोर्डकडे बघत बसून राहिला. उजव्या हाताची बोटं तो एकेक करून मिटत होता आणि उघडत होता. हबीबमास्तरांनी एक खुर्ची ओढून घेतली, त्याच्याशेजारी बसले, आणि जमिनीवरून वायरचं टोक उचलून ती कोपर आणि पंजाभोवती सावकाश गुंडाळायला लागले.